भोक पाडलेले तिकीट

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. पाणी ओसरल्यावर घराघरांतून गाद्या, धान्य आणि कागद उन्हात आले. आमच्या परिचयाच्या एका घरात जुन्या कागदांचा रुमाल भिजला होता. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले दप्तर. ते सोडवायला आम्ही दोघे-तिघे शिक्षक आणि दहावीतली काही मुले गेलो होतो. गहाणखते, पावत्या, दाव्यांच्या नकला असे त्यात बरेच काही होते. एका कागदावर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले तिकीट होते. त्याच्यावर टाकाने ओढलेली काळी रेघ शाबूत होती, कागदावरचे अक्षरही वाचता येत होते, पण तिकिटाचा रंग मात्र ओघळून गेला होता. दुसऱ्या कागदावरच्या तिकिटात, जिथे राणीचे तोंड असायला हवे तिथे, गोल भोक होते.

एका मुलाने विचारले, "कारकुनाची शाई टिकली आणि सरकारची गेली. सरकारला पक्की शाई मिळत नव्हती का?"

प्रश्न चांगला होता. उत्तर असे, की सरकारला पक्की शाई मिळत होती, पण तिकिटासाठी ती नको होती. तिकिटाचा रंग मुद्दाम कच्चा ठेवला होता आणि भोकही मुद्दाम पाडले होते. हे सारे कशासाठी, हे समजून घ्यायचे तर आधी हे तिकीट करते काय ते पाहायला हवे.

टपालाचे तिकीट सर्वांना माहीत असते. पैसे भरल्याची ती खूण. पण पैसे फक्त टपाल खातेच घेत नाही. कोर्टात दावा लावायचा तर कोर्टाची फी भरावी लागते. जमीन गहाण टाकली, कर्जरोखा लिहिला, मोठ्या रकमेची पावती केली, तर सरकार त्यावर कर घेते. परदेशात असताना पासपोर्टाचे किंवा दाखल्याचे काम निघाले तर आपल्या देशाच्या वकिलातीत फी द्यावी लागते. या प्रत्येक ठिकाणी तिकिटे वापरली गेली आहेत. टपालाच्या तिकिटांचे संग्राहक लाखो आहेत. कोर्ट फीची, महसुलाची आणि वकिलातींची तिकिटे जमवणारे थोडे आहेत, आणि आमच्या मते शिकण्यासारखे त्यांच्याकडेच जास्त आहे. टपालाचे तिकीट बहुधा पाकिटावर बसते आणि पाकीट फेकले जाते. हे तिकीट मात्र एखाद्या माणसाच्या भांडणावर, कर्जावर किंवा वाटणीवर बसलेले असते.

आता असा विचार करू, की फीचे पैसे रोख घेऊन पावती दिली तर काय बिघडते? बिघडते ते कारकुनाच्या हातात. शंभर लोकांकडून पैसे घेतले आणि नव्वदांचेच लिहिले, तर वरच्या साहेबाला कळणार कसे? तिकिटांनी ही अडचण सोडवली. तिकिटे खजिन्यातून मोजून दिली जातात, त्यामुळे विकलेली तिकिटे आणि जमा झालेले पैसे यांचा मेळ बसवता येतो. अमेरिकेच्या वकिलातींचे उदाहरण यासाठी मोठे बोलके आहे. तिथे पुष्कळ ठिकाणी कामाची फी वकीलच स्वतःची मिळकत म्हणून ठेवत असत. १९०६ साली कायदा बदलला, वकिलांना पगार सुरू झाले, फी सरकारजमा होऊ लागली आणि त्याच वर्षी वकिलातीच्या फीची तिकिटे निघाली. ती १९५५ पर्यंत चालली. म्हणजे हे तिकीट जितके फी भरणाऱ्यासाठी होते, तितकेच फी घेणाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी होते.

पण एक अडचण सुटली की दुसरी उभी राहते. तिकीट एकदा वापरून झाले. ते सोडवून, धुऊन, वाळवून पुन्हा दुसऱ्या कागदावर चिकटवले तर? टपालाच्या तिकिटावर निदान दोन पैशांचाच लाभ. कोर्टाच्या तिकिटांच्या किमती रुपयांत असत. धुण्याची मेहनत नक्की वसूल होणारी होती.

यावर पहिला उपाय अगदी साधा आहे आणि तो कायद्यातच लिहिलेला आहे. १८७० च्या कोर्ट फी कायद्याचे ३० वे कलम सांगते, की तिकीट रद्द केल्याखेरीज कागद दाखल करून घ्यायचा नाही. रद्द करताना तिकिटावरचे मुखचित्र भोक पाडून काढायचे, किमतीचा आकडा मात्र शाबूत ठेवायचा. आणि निघालेला तुकडा जाळून किंवा अन्य रीतीने नष्ट करायचा. प्रत्येक अटीमागे विचार आहे. आकडा ठेवायचा, कारण पुढे कधी तपासणी झाली तर किती फी भरली ते दिसले पाहिजे. मुखचित्र काढायचे, कारण तोंड नसलेले तिकीट दुसऱ्यांदा कोण घेईल? आणि तुकडा जाळायचा, कारण तो मागून चिकटवणारा हुशार माणूस निघणारच. आम्हांला तर हे कलम वाचताना असे वाटले, की लिहिणाऱ्याने आधी एखाद्या लबाडाला समोर बसवून विचारले असावे, 'तू काय काय करशील ते सांग.'

आपण पुष्कळदा जुन्या बाजारात भोक पडलेली तिकिटे बघतो आणि 'खराब आहेत' म्हणून बाजूला सारतो. पण भोक ही त्या तिकिटाने आपले काम केल्याची साक्ष आहे. भोक नसलेले कोरे तिकीट सुंदर दिसेल, पण ते कधी कोर्टात गेलेलेच नसते.

दुसरा उपाय रसायनशास्त्रातला आहे. पावतीवरच्या तिकिटाला भोक पाडत नाहीत, त्यावर सही करतात. १८९९ च्या भारतीय मुद्रांक कायद्यात तिकिटावरून नाव किंवा आद्याक्षरे आणि खरी तारीख लिहून ते रद्द करण्याची रीत सांगितली आहे. अजूनही पाच हजार रुपयांवरच्या पावतीला एक रुपयाचे तिकीट लावून आपण अर्धी सही तिकिटावर आणि अर्धी कागदावर करतो, ती याच कारणाने. पण शाईची सही काढता येते. त्या काळची कचेरीतली शाई बहुधा लोहाची असे. हिरडा, मायफळ यांसारख्या वस्तूंत टॅनिन असते. त्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मिसळले की शाई तयार होते. कागदावर ती आधी फिकट उमटते आणि हवेतल्या ऑक्सिजनने लोहाचे ऑक्सिडीकरण झाले की काळी होते. ती कागदाच्या तंतूंत मुरते, पाण्याने सहसा जात नाही. पण काही आम्ले त्यातल्या लोहाला बांधून घेतात आणि काळा रंग नाहीसा होतो. कपड्यावरच्या शाईच्या डागाला लिंबू चोळण्याची घरगुती युक्ती याच तत्त्वावर आहे. म्हणजे लबाडाकडे लिंबू होते आणि सरकारकडे लिंबावर उतारा नव्हता.

उतारा शोधणाऱ्यांत वॉरन डी ला रू (१८१५–१८८९) याचे नाव येते. लंडनच्या ज्या छापखान्याने भारताची तिकिटे १८५० च्या दशकापासून छापली, त्या घराण्यातला हा रसायनशास्त्रज्ञ. खगोलशास्त्राच्या पुस्तकांतही तो भेटतो, कारण चंद्राची आणि सूर्याची चांगली छायाचित्रे घेणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता. १८६० चे खग्रास सूर्यग्रहण टिपायला तो स्पेनला गेला होता. त्याच्या छापखान्याला १८५३ साली ब्रिटिश सरकारचे पहिले मोठे काम मिळाले, तेही टपालाच्या तिकिटांचे नव्हे, महसुलाच्या तिकिटांचे. प्रश्न असा होता, की सही पुसता येऊ नये. त्याचे उत्तर त्यांनी उलट्या बाजूने शोधले. न पुसली जाणारी सही आपल्या हातात नाही, कारण सही करणारा कोणती शाई वापरील ते आपण ठरवू शकत नाही. पण तिकीट छापण्याची शाई आपल्या हातात आहे. तर मग ती सहीहूनही कच्ची करू. सही पुसायला जावे तर आधी तिकीटच पुसले जाईल!

अशा शाईला आपण पळपुटी शाई म्हणू. तिचे दोन प्रकार होते. एकेरी पळपुटी शाई, लिहिण्याची शाई घालवणाऱ्या रसायनांपुढे टिकत नसे. पण टपालाचा शिक्का तेलकट शाईचा असतो, आणि तो काढायला वेगळे द्रव लागतात. त्या द्रवांपुढेही जी टिकत नाही ती दुहेरी पळपुटी. अशा दुहेरी शाया मोजक्या रंगांतच जमल्या, मुख्यतः जांभळ्या आणि हिरव्या. म्हणूनच ब्रिटनच्या १८८३-८४ च्या तिकिटांचा सगळा संच कंटाळवाण्या फिक्या जांभळ्या आणि हिरव्या रंगांत आहे. लोकांनी नाके मुरडली, पण कारण रसायनाचे होते. १८८१ साली निघालेले तिथले एक पेनीचे जांभळे तिकीट टपाल आणि महसूल या दोन्ही कामांना चाले, आणि ते सुमारे ३३०० कोटी छापले गेले. आपल्याकडे अशी दुहेरी कामाची तिकिटे १९०६ साली आली. सातव्या एडवर्डच्या चित्राच्या अर्ध्या आण्याच्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर टपाल आणि महसूल असे दोन्ही शब्द आहेत. म्हणून आजोबांच्या पावतीवर टपालाचे तिकीट दिसले तर कोणी चूक केली असे समजू नये.

हे सगळे आम्ही पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही एक जुने हिरवे तिकीट सोडवायला कोमट पाण्यात टाकले होते. पाच मिनिटांनी ते पिवळट झाले. पाण्यात हिरवी झाक राहिली आणि आमच्या हातात एक निरुपयोगी चिटोरे.

वर्गात हा प्रयोग दोन तासिकांत होतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत हिरडा मिळतो, इतरत्र काष्ठौषधीच्या दुकानात मिळेल. दोन चमचे हिरड्याची पूड कपभर गरम पाण्यात तासभर भिजवून गाळून घ्या. वेगळ्या भांड्यात चिमूटभर हिराकस थोड्या पाण्यात विरघळवा आणि दोन्ही मिसळा. थेंबभर बाभळीच्या डिंकाचे पाणी घातले तर शाई पसरत नाही. हिराकस पोटात जाऊ देऊ नये, हात धुवावेत, हे मुलांना आधीच बजावा. आता कागदावर दोन 'तिकिटे' करा. एक पाण्यात विरघळणाऱ्या हिरव्या स्केचपेनने रंगवलेले, दुसरे झेरॉक्स यंत्रावर काढलेले. दोन्हींवर आपल्या शाईने सही करा आणि दोन दिवस वाळू द्या. मग कापसाच्या बोळ्याने लिंबाचा रस लावा. दोन्हींवरची सही फिकी पडेल. पण झेरॉक्सचे तिकीट तसेच राहील, कारण त्याची भुकटी कार्बन आणि प्लास्टिकची असते. त्या तिकिटावर सरकार फसले. स्केचपेनचे तिकीट सहीबरोबरच फिसकटून जाईल. इथे सरकार जिंकले! हंगाम असेल तर तिसरे तिकीट जांभळाच्या रसाने करा. लिंबू लागताच ते गुलाबी होईल, आणि आम्ल ओळखणाऱ्या दर्शकांचा धडाही त्यातच उरकेल.

आता त्या रुमालाकडे परत येऊ. त्यातल्या तिसऱ्या कागदावर राणी नव्हती. ते सांगली संस्थानचे तिकीट होते. आणि चौथ्यावर औंध संस्थानचे. कागद मात्र एकाच घराण्याचे, आणि गावे एकमेकांपासून एका दिवसात बैलगाडीने गाठता येतील अशी. मुले गोंधळली. त्यांच्या मनात जिल्हा म्हणजे एक सलग तुकडा असतो. १९४८ पूर्वी तसे नव्हते.

सांगली शहर ही पटवर्धनांच्या एका शाखेच्या संस्थानाची राजधानी. तिथून जेमतेम दहा किलोमीटरवर मिरज, ती दुसऱ्या शाखेची. जवळचे बुधगाव हे धाकट्या मिरज संस्थानचे ठाणे. तासगाव पूर्वी पटवर्धनांचेच, पण ते पुढे इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. कुंडल औंध संस्थानात. आटपाडीही औंधाची. पूर्वेला डफळ्यांचे जत. खाली कुरुंदवाड, त्याचेही दोन भाग. उत्तरेला निंबाळकरांचे फलटण. यांतल्या प्रत्येक संस्थानाचे कोर्ट वेगळे, आणि एका कोर्टाचे तिकीट दुसऱ्या कोर्टात कागदाच्या तुकड्यापलीकडे काही नाही. वकिलातीच्या तिकिटाला समुद्रापलीकडच्या देशात अर्थ असतो. इथे ओढा ओलांडला की देश बदलत होता.

उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. सांगली संस्थान स्वतः सलग नव्हते. त्याचे तालुके होते मंगळवेढा, तेरदाळ, शहापूर, दोडवाड आणि शिरहट्टी, शिवाय सांगलीभोवतीचा मिरजप्रांत. मंगळवेढे आज सोलापूर जिल्ह्यात आहे, शिरहट्टी कर्नाटकात गदग जिल्ह्यात. शहापूर तर बेळगाव शहराला लागून. बेळगावातून चालत शहापुरात गेले की इंग्रजांचे कोर्ट संपून सांगलीचे सुरू. म्हणून सांगलीचे तिकीट मराठी कागदावर मिळेल तसे कानडी कागदावरही मिळेल. ते कागदापासून सोडवून अल्बममध्ये लावले, की ते मंगळवेढ्याचे की शिरहट्टीचे हे सांगणारा एकमेव पुरावा गेला. तिकिटावर फक्त 'सांगली' लिहिलेले असते. गाव, तारीख, माणसे आणि भांडण हे सगळे कागदावर असते.

ज्यांना वाटते की साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्याचेही असे तिकीट मिळावे, त्यांनी तारखा पाहाव्यात. ते राज्य १८१८-१९ पासून चालले आणि १८४८ साली डलहौसीने वारस नामंजूर करून खालसा केले. चिकटवायची महसूल तिकिटे आपल्याकडे १८६० च्या दशकात आली. त्यामुळे सातारा शहरातल्या कागदांवर तिकीट असेल तर ते इंग्रजांचे. छत्रपतींच्या राज्याचे म्हणून कोणी चिकटवायचे तिकीट विकू लागला तर आपण नमस्कार करून पुढे जावे. साताऱ्याच्या जहागिरी असलेली औंध, फलटण, भोर, जत ही संस्थाने मात्र टिकली, आणि त्यांचीच तिकिटे संग्राहकांना मिळतात. भोरने तर १८७९ साली टपालाचीही तिकिटे काढली होती. ती देशी कागदावर हाताने ठसा मारून केलेली होती. बारीक भोकांची कडा नाही, मागे डिंक नाही. पुष्कळ संस्थानी तिकिटे अशीच साधी, कापून खळीने चिकटवायची.

कोएपल आणि मॅनर्स या दोन संग्राहकांनी देशी संस्थानांच्या कोर्ट फी आणि महसूल तिकिटांची मोठी यादी १९८० च्या दशकात दोन खंडांत प्रसिद्ध केली. संग्राहक अजूनही तिच्यातले क्रमांक सांगतात. यादी फार उपयोगी आहे. पण तिच्यात तिकीट आहे, कागद नाही. आणि आम्हांला काळजी आहे ती कागदाची.

कारण या कागदांत न्यायाची किंमत लिहिलेली आहे. १८७० च्या कायद्यातला दर मुलांपुढे ठेवा: शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्याला दर पाच रुपयांमागे सहा आणे. मग चाळीस रुपयांच्या दाव्याला फी किती? आठ वेळा सहा, म्हणजे ४८ आणे, म्हणजे तीन रुपये. शंभर रुपयांना? १२० आणे, म्हणजे साडेसात रुपये. सोळा आण्यांचा रुपया या निमित्ताने मुलांना कळतो आणि शेकडा साडेसात हा दर त्यांनी स्वतः काढल्यावर पुढचा प्रश्नही त्यांचाच येतो: ज्याच्याजवळ चाळीस रुपये नाहीत म्हणून तो कोर्टात ओढला गेला, त्याने बचावासाठी खर्च कुठून आणायचा?

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, तेव्हा बहुतेक ठिकाणी त्यांनी सावकाराच्या जिवाला हात लावला नाही. त्यांनी मागितले ते कागद. कर्जरोखे काढून घेऊन फाडले, जाळले. स्टँप लागलेला कागद हेच सावकाराचे हत्यार आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. रोख्यावर लिहिले आहे तेवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय झाला ते कोर्टाने पाहावे, असे त्यात होते. आता हे डोळ्यांपुढे ठेवून १८८० च्या दशकातला सातारा जिल्ह्यातला एखादा रोखा पाहा. खाली सहीच्या जागी 'निशाणी नांगर' आहे, म्हणजे लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याने नांगराची खूण केली आहे. वर मुद्रांक आहे. नांगर आणि मुद्रांक एकाच कागदावर पाहिल्याने जे कळते ते मुद्रांक कापून घेतल्यावर कसे कळेल?

औंधाचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचे आहे. १९३९ च्या जानेवारीत राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. ती गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाली होती, आणि गावच्या पंचायतींकडे न्यायाचे कामही तिने सोपवले. पुढे त्याच कुंडलच्या आसमंतात नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ ते १९४६ या काळात आपली न्यायमंडळे चालवली. त्यांच्यासमोर आलेले तंटे सरकारी कोर्टाची पायरी चढलेच नाहीत, म्हणून ते स्टँपांच्या कोणत्याच यादीत सापडणार नाहीत. तिकिटांवरून इतिहास लिहिणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे. जिथे तिकीट नाही तिथे भांडण नव्हते असे नव्हे.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली पडले. संस्थानी तिकिटांचा उपयोग संपला. कागद घरोघरच्या माळ्यांवर राहिले. त्यातले बरेच मोडीत असल्याने पुढच्या पिढीला वाचता येईनात, आणि न वाचता येणारा कागद रद्दीत जायला वेळ लागत नाही. रद्दीवाला किलोवर घेतो. त्यातला तिकिटाचा चौकोन कोणी तरी कातरून घेते आणि उरलेला कागद लगद्यात जातो. आम्ही अशा कातरलेल्या तिकिटांची पाकिटे पाहिली आहेत. शंभर-शंभर तिकिटे, एकाही दाव्याचे नाव नाही.

म्हणून शाळेत असा संग्रह करायचा झाला तर आमचा आग्रह एकच आहे: तिकीट कागदावरच राहू द्या. मुलांनी घरचे कागद पाहावेत, घरच्यांच्या परवानगीने तिकिटासह पूर्ण पानाचे छायाचित्र घ्यावे आणि मूळ कागद घरीच ठेवावा. मोबाइलमुळे हे आता सोपे झाले आहे. सरकारी दप्तरातून फुटलेले कागद कोणी विकत असेल तर घेऊ नयेत. मोडी वाचणारे कोणी गावात असेल तर त्यांना एक दिवस शाळेत बोलवावे. जिल्ह्याच्या नकाशावर प्रत्येक तिकिटाचे गाव टाचणीने दाखवावे, दर संस्थानाला वेगळा रंग. पंचवीस-तीस टाचण्या लागल्या की १९४८ पूर्वीच्या सरहद्दी मुलांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहू लागतात, आणि त्या कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या नकाशापेक्षा वेड्यावाकड्या असतात.

कागद भिजलेच तर घाई करू नये. आम्ही त्या दिवशी पहिली चूक केली ती कडक उन्हात पसरण्याची. कागद आक्रसले आणि कडांना पीळ पडला. नंतरचे सावलीत, पंख्याच्या संथ वाऱ्यात वाळवले. एकमेकांना चिकटलेली पाने ओढू नयेत. मध्ये टिपकागद घालून ते वरचेवर बदलावेत. टिपकागद नसेल तर कोरा, छपाई नसलेला कागद चालेल. वर्तमानपत्राची शाई लागते. तिकिटावर बोट फिरवून चिखल काढू नये, पळपुटी शाई बोटाला येते. कागद पुरता वाळल्यावर मऊ कुंचल्याने माती झटकावी. खळ लावलेल्या जागी कसर आणि झुरळे आधी येतात, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पाने उलटून पाहावीत. चिकटपट्टी कधीही लावू नये; तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदात उतरतो. प्रत्येक कागदासाठी एक कोरे पाकीट करावे आणि कागद आत घालण्यापूर्वी पाकिटावर गाव, तारीख, संस्थान आणि कागदाचा प्रकार लिहावा. पेनाने नव्हे, पेन्सिलीने: शिसपेन्सिलीतला कार्बन पुढच्या पुरातही ओघळत नाही.